चवड्यांवरच्या पोरी आणि रत्नाची शेळी

दुसरा चढ लागला तेव्हा मी रत्नाला तिसऱ्यांदा विचारलं, “अगं, काम तरी काय आहे ते सांग ना.”

“घरी गेल्यावर सांगते की. पानी पिता का?”

“पाणी नको. काम सांग.”

“मग चला गपचिप. चढाला बोललं की दम लागतो.”

एवढं बोलून ती स्वतः मात्र बोलतच पुढं निघाली. कधी माझ्याशी, कधी वाटेतल्या करवंदीच्या जाळीशी, कधी पायातल्या चपलेशी. वेल्ह्याहून तिच्या वस्तीपर्यंत दीड तासाची वाट आहे. ती तिच्या पायांना दीड तासाची. माझ्या पायांनी ती किती तासांची आहे हे त्या दिवशी मला कळणार होतं. माघ महिना होता. ऊन पाठीला बरं वाटत होतं आणि गुडघ्यांना काहीच बरं वाटत नव्हतं.

रत्नाची माझी ओळख आठ वर्षांची. वेल्ह्याच्या अलीकडे नदीकाठाला एक शिबिरघर आहे. पुण्याच्या शाळा, कंपन्यांची माणसं, गडावर जाणारी पोरंटोरं तिथं मुक्कामाला येतात. तिथला स्वयंपाक माझ्याकडे, आणि रत्ना माझ्या हाताखाली. हाताखाली असं आपलं म्हणायचं. कुणाला किती भाकऱ्या लागतील हे ती माणूस गाडीतून उतरतानाच सांगते, आणि ते कधी चुकत नाही.

तिचं माहेर भोरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याच्याही वर. शाळा चौथीपर्यंत. लग्न करून या डोंगरात आली. नवरा हैबती दिवाळी झाली की वस्तीतल्या दोघातिघांबरोबर मेंढरं घेऊन नीरेच्या अंगाला उतरतो, तो वैशाखाच्या शेवटी वर येतो. लेक सूरज कापूरहोळला गॅरेजात असतो. म्हणजे सहा महिने घरात ती, सात शेरडं आणि एक रेडिओ. तिघांत सगळ्यात जास्त कोण बोलतं हे सांगायला नको. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर ती कुकरला झापते. “झोपलास का रं?” म्हणते.

आणि अशा बाईला मार्गशीर्षात आम्ही ध्यानाला बसवलं.

झालं असं की पुण्याहून बॅलेच्या वर्गाच्या बारा मुली पाच दिवसांसाठी आल्या. बॅले म्हणजे परदेशातला नाच. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करतात. मीही आधी पाहिला नव्हता. त्यांच्या शिक्षिका शेफाली मॅडम, समईच्या दांड्यासारख्या सरळ. त्यांनी सोबत एक लांब लोखंडी दांडी आणली होती, दोन पायांवर उभी राहणारी. मुली ती धरून सराव करायच्या. पहिल्याच सकाळी रत्नानं स्वयंपाकघरातली सगळी फडकी धुऊन त्या दांडीवर वाळत घातली.

शेफाली मॅडम आल्या, बघत राहिल्या. रत्ना म्हणाली, “लई झ्याक केलंत बाई, आमी कवाधरनं दोरी मागतुय.”

मुलींना फेब्रुवारीत मोठी परीक्षा होती. परीक्षक बाहेरच्या देशातून येणार. त्या धास्तीनं पोरी नुसत्या आवळून गेल्या होत्या. ताटातली अर्धी भाकरी परत यायची. एक नखं खायची, एक न्हाणीघरात जाऊन रडायची. म्हणून मॅडमनी स्वरूप नावाच्या एका मुलाला सोबत आणलं होतं. तो ध्यान शिकवायचा. वय असेल अठ्ठावीस, आवाज गोड, हातात पितळी वाटी. वाटीवर लाकडी दांडका फिरवला की घुमायची.

“या अर्ध्या तासात स्वयंपाकघरातही शांतता हवी,” तो म्हणाला. “त्यापेक्षा ताई, तुम्हीच दोघी येऊन बसा ना.”

आम्ही बसलो. स्वरूप म्हणाला, “डोळे मिटा. आता फक्त श्वासाकडे बघा.”

“डोळं मिटल्यावर बगायचं कशानं वो?” रत्नानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण बारा पोरी फिस्सकन हसल्या आणि ती शांतता गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी रत्ना बोलली नाही. भिंतीला टेकून झोपली आणि घोरली. मी स्वरूपला म्हटलं, “सगळ्यात खोल ध्यान हिचंच लागलं की.” माझं तरी काय वेगळं होतं? तीस वर्षं मी रोज दिवा लावून स्तोत्र म्हणते. ओठ देवापाशी असतात आणि मन डाळीच्या फोडणीपाशी. गडावरची मेंगाई देवी समजून घेते म्हणून चाललंय.

त्या बारा जणींत प्रांजल नावाची एक होती. सोळा वर्षांची, नसरापूरची. वडिलांचं हायवेजवळ स्टेशनरीचं दुकान. बाकी सगळ्या पुण्याच्या. ही एकटी आपल्याकडची, रोज दोन बस बदलून वर्गाला जाणारी. तिच्याविषयी मॅडमनी मला चहा घेताना सांगितलं. नाच तिचा सगळ्यांत चांगला. पण गेल्या परीक्षेत परीक्षकांसमोर उभी राहिली आणि पाय असे थरथरायला लागले की ती अर्ध्यातून खाली उतरली. आता ही दुसरी आणि शेवटची संधी. यात पास झाली नाही तर वर्गातली तिची जागा जाणार. आणि इथं आल्यापासून तर कुणी नुसतं बघत असलं तरी तिचे पाय थरथरत होते.

मी हे रत्नाला सांगितलं ती माझी चूक. रत्नानं ताबडतोब निदान केलं. “दिष्ट लागलीय पोरीला. एवढी देखणी, त्यात एका टाचेवर उभी ऱ्हाती.”

“टाचेवर नाही गं, बोटांवर.”

“मग तर लागणारच.”

तिसऱ्या दिवशी सकाळी, पलीकडं ध्यान चालू असताना, तिनं प्रांजलवरून खिडकीतूनच मीठमिरच्या ओवाळल्या आणि आणून माझ्या चुलीत टाकल्या. दिष्ट लागली असली तर मिरच्यांची खाट येत नाही म्हणतात. इथं अशी खाट आली की काही विचारू नका. आधी मी ठसकले, मग भिंतीपलीकडून एक मुलगी, मग बारा मुली, मग वाटी खाली पडल्याचा आवाज आणि पाठोपाठ स्वरूप डोळे पुसत बाहेर.

त्या सगळ्या धुरात रत्ना गंभीरपणे म्हणाली, “खाट आली. म्हंजी दिष्ट न्हाई. दुसरं काय तरी हाय.”

“काय गं दुसरं?”

“बगू,” ती म्हणाली. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसं.

आता चंद्रीविषयी सांगायला हवं. रत्नाच्या सात शेरडांतली एकच तेव्हा दुधावर होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली चंद्री. शिबिर असलं की रत्ना तिला सकाळी सोबत खाली आणायची, स्वयंपाकघराच्या मागं बांधायची आणि संध्याकाळी तिथंच धार काढून वर न्यायची. चंद्रीचं आणि माझं काही जमत नाही. एकदा मला ढुशी दिली आहे. आणि एकदा मी स्तोत्राचं पुस्तक कट्ट्यावर उघडं ठेवून पाणी आणायला गेले, तर शेवटचं पान हिनं खाल्लं. नेमकं फलश्रुतीचं. मी रडकुंडीला आले होते. रत्ना म्हणाली, “जाऊ द्या ताई. म्हनायचं तुमी, फळ तिला. आज दूध बी वाईच जास्त दिलं बगा.”

तर त्या मिरच्यांच्या दिवशी, संध्याकाळी, रत्ना धार काढायला बसणार तेवढ्यात प्रांजल मागच्या अंगणात आली. हातात मोबाईल, डोळे सुजलेले. रेंज शोधत होती. मी खिडकीत तांदूळ निवडत होते.

“कुणाला फोन?” रत्नानं विचारलं.

“पप्पांना. उद्या न्यायला या म्हणून सांगते. मला नाही करायचा नाच.”

मला वाटलं रत्ना आता समजावणार. ती म्हणाली, “हितं रेंज न्हाई. वरच्या वळणावर येती. जाता येईल मग. तवर ही चरवी धर.”

पोरीनं चरवी धरली.

“आता बस हितं. काढ धार.”

“मी? मला येत नाही.”

“आमाला तरी कुठं आईच्या पोटातनं येत व्हतं? बस.”

प्रांजल बसली. दोन्ही सड धरले, दाबले, ओढले. थेंब नाही. चंद्रीनं मागचा पाय झाडला, चरवी लोळत गेली. पोरगी दचकून उठली. “बघा! मला काहीच जमत नाही.”

“तुला जमतंय का न्हाई ते कुनी इचारलंच न्हाई,” रत्ना म्हणाली. “तिनं पान्हा चोरलाय. तुझी मूठ बग, दगड झालीय. मूठ आवळली की ती भिती. ती भिली की दूध वर ओढून घेती. मग राजा येऊन बसू दे, न्हाई देत.”

“मग काय करू?”

“काय बी करू नगंस. डोकं टेक तिच्या कुशीला. रवंथ करती ती ऐक.”

“त्यानं काय होणार?”

“मला काय ठाव? माझ्या सासूनं सांगितलं तसं म्या तुला सांगितलं.”

पोरीनं नाक मुरडलं, पण कपाळ टेकलं. मी तांदूळ निवडायची थांबले. चंद्री आधी अंग आखडून उभी होती, कान मागं. मग जबडा हलायला लागला, कुरूम कुरूम. मध्येच थांबायचा, पोटातून गोळा वर यायचा, पुन्हा कुरूम कुरूम. प्रांजलची पाठ आधी भरभर वरखाली होत होती. ती हळू झाली, आणखी हळू झाली. मला वाटलं हिलाही रत्नासारखी झोप लागली. एवढ्यात रत्ना हळूच म्हणाली, “आता धर. पाव्हन्याचा हात धरतो तसा.”

चरवीत पहिली धार पडली तो आवाज मला आत ऐकू आला. बारीक, पत्र्यावर सर्र करून. मग दुसरी. पोरीनं डोकं उचललं नाही, तिथूनच ओरडली, “मावशी! आलं!”

“वरडू नगंस, भवाने! पुना चोरंल!”

त्या संध्याकाळी प्रांजलनं अर्धी चरवी काढली. रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. वरच्या वळणावर जायचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी ही गोष्ट शिबिरभर झाली. स्वरूप हात जोडून रत्नाकडे आला. “मावशी, मी तेच तर शिकवतोय. शांत व्हा, श्वास ऐका.”

“तुमचं खरं हाय दादा,” रत्ना म्हणाली. “पर ‘गप बसा’ एवढं सांगाया तुमी अर्धा तास बोलता.”

तो दिलखुलास हसला. मनानं चांगला मुलगा. म्हणाला, सगळ्याच मुलींना एकेक करून बसवू या. चंद्रीनं तिघींना सोसलं, चौथीला लाथ मारली आणि पाचव्या नंबरला स्वरूप स्वतः बसला, तेव्हा ती त्याच्या मांडीवर लेंड्या टाकून मोकळी झाली. पोरी त्या दिवशी इतक्या हसल्या की शेफाली मॅडमनी सरावाला अर्धा तास सुट्टी दिली.

त्या सुट्टीत आम्ही अंगणात बसलो होतो. चंद्री मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीचा पाला ओढत होती. मॅडम बघत म्हणाल्या, “किती सरळ उभी आहे!”

रत्ना प्रांजलच्या पायांना आमसुलाचं तेल चोळत होती. नाचाच्या त्या गुळगुळीत बुटांच्या आत पोरीची बोटं पार सोलवटली होती. चोळता चोळता ती म्हणाली, “पडत न्हाई ती. का, तर ती पायाकडं बगतच न्हाई. तिचं ध्यान पाल्यावर. पाय आपलं काम करत्यात.”

प्रांजलनं पाय सोडवून घेतले. तेलाच्या पायांनी उठली, दांडीपासून लांब, अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. नजर बोरीच्या शेंड्यावर. आणि सगळ्यांच्या देखत चवड्यांवर वर गेली. आम्ही पंधरा माणसं बघत होतो. पाय थरथरले नाहीत असं मी म्हणणार नाही. थरथरले. पण ती खाली आली नाही. चंद्रीचा पाला संपला तेव्हा उतरली.

जाताना गाडीतून ती ओरडली, “मावशी, परीक्षेला या!”

“व्हय व्हय, येते की,” रत्नानं हात हलवला. पाहुणे असं म्हणतातच, आणि आपणही असंच उत्तर देतो.

पण पोरगी विसरली नव्हती. काल माझ्या मोबाईलवर तिचा आवाजातला निरोप आला. शिबिर नव्हतं, तरी रत्ना मीठ न्यायला खाली आली होती. मी तिला ऐकवलं. तिनं पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा लावलं. आज ती पुन्हा खाली आली, ‘एक काम हाय, घरी चला’ म्हणून मला घेऊन निघाली, आणि चढावरच्या त्या रेंजच्या वळणावर पोचलो तेव्हा ती दगडावर बसली आणि म्हणाली, “ताई, लावा की अजून एकदा.”

“अगं, सहावी वेळ ही.”

“कुकरला सहा शिट्ट्या देता तवा मी मोजते का?”

मी लावलं. प्रांजलचा आवाज त्या उघड्या डोंगरात फार लहान वाटला. “मावशी, परवा रविवारी संध्याकाळी सहा वाजता परीक्षा आहे. मी रोज उशीला डोकं टेकून चंद्रीची रवंथ आठवते. घरी जमतं. स्टेजवर जमेल का माहीत नाही. तुम्ही या ना. कुठंही बसा. फक्त आत आलात की शेरडांना घालता तशी एक हाक घाला. मॅडम म्हणाल्या, परीक्षक यायच्या आधी चालेल. मग मला कळेल की तुम्ही आहात.”

रत्नानं चपलेतला खडा झटकला आणि समोरच्या गडाकडं पाहिलं. 

“पुन्याला मी एकदाच गेले,” ती म्हणाली. “सूरजला डॉक्टरला दाखवायला. नाटकाच्या थेटरात कवा न्हाई. लहान असताना आमच्याकडं जत्रंत बापय ढोलावर नाचायचे. आमी बायका लांब बसून बगायचो. मी मग दुसऱ्या दिवशी रानात, मेंढरांच्या म्होरं नाचायची. मेंढरं बगत न्हाईत, हे बरं असतंय.”

“मग जा ना,” मी म्हटलं. “सकाळची साडेसहाची एसटी आहे. स्वारगेटला प्रांजलचे वडील येतील घ्यायला, मी फोन करते. मुक्काम करून परवा ये.”

“बगू.”

“बघू काय? पोरीची शेवटची संधी आहे.”

“ठाव हाय मला,” ती उठली. “चला. ऊन कलायला लागलं.”

मला जरा रागच आला. एवढं पोरीचं करून ऐनवेळी ही ‘बगू’ म्हणते. पुढच्या चढाला मी बोललेच नाही. तिनंही कधी नव्हे ते बोलणं बंद ठेवलं. नुसता चपलांचा आवाज आणि माझा दम.

वस्तीवर पोचलो तेव्हा शेरडं घरी यायची वेळ झाली होती. वस्तीतली बनाबाई सगळ्यांची एकत्र चारून आणते. तिनं मला बघून हाक मारली, “आल्या का ताई? बरं झालं! मला तर मेलीनं कालच लाथ मारली, ही बगा!” आणि लुगडं वर करून घोट्यावरचा निळा डाग दाखवला. मला काही कळेना की ही मला हे का दाखवते.

रत्नानं मला अंगणात बसवलं, गूळ-पाणी दिलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं. इतकी सरबराई आठ वर्षांत झाली नव्हती. मग तिनं चंद्रीला आणून माझ्यासमोर बांधलं आणि चरवी माझ्या मांडीवर ठेवली.

“हे काय?”

“काम,” रत्ना म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती, चरवीची कड पदरानं पुसत होती. “करडं बाजारात गेली, आता पिणारं कुनी न्हाई. सांजची धार राह्यली तर तिची कास दगडावानी व्हती, मग सडात दुखनं येतं. हैबती नीरंला. सूरजच्या अंगाला गॅरेजचा वास, ती उधळती. बनाबाईचा पाय तुमी बघितला. बनाबाई भांडल्यावानी बसती वो, काय करनार.”

“अगं, पण मला ही—”

“ऐका तर. शिबिरात तुमी तिन्हीसांजेला दिवा लावून स्तोत्र म्हनायचा ना, तवा चंद्री कान टवकारून उभी ऱ्हायची. रवंथ सोडायची न्हाई, हलायची न्हाई. म्या खिडकीखाली धार काढायची ती तुमच्या म्हनन्यावर. तुमाला कधी सांगितलं न्हाई, म्हनलं तुमी म्हनायचं थांबवाल.”

मी चंद्रीकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत होती, तोंड कुरूम कुरूम हलत होतं. माझी मूठ आवळलेली होती हे मला तेव्हा कळलं.

रत्ना माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं माझी मूठ हातात घेऊन एकेक बोट सोडवलं.

“आज ऱ्हावा हितंच. आज माझ्या देखत काढा. उद्याची सकाळची मी काढून जाते, परवाची आल्यावर काढीन, पर उद्या सांजची तुमी काढा, ताई. सहा वाजता. तिकडं तिचं सुरू, हितं तुमचं. तोंडपाठ हाय तेवढंच म्हना,” ती म्हणाली, “फकस्त पुस्तक घरात ठिवून या.”